पॅकहाऊसमध्ये निम्म्या मशीनना भलताच आयपी येतोय – दुसरा डीएचसीपी सर्व्हर नेमका कुठे बसलाय हे कसं शोधायचं?

सावदा_पॅकहाऊस · सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. सावदा-फैजपूर पट्ट्यातल्या एका केळी पॅकहाऊसचं नेटवर्क बघतो. मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

ऑफिसात २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (ब्राउझरमधून उघडून सेटिंग बदलता येणारा) आहे. त्यातून तीन केबल बाहेर जातात: पॅकिंग शेड, रायपनिंग चेंबर आणि वजनकाटा. शेड आणि चेंबरमध्ये पुढे साधे ८ पोर्टचे स्विच आहेत. इंटरनेटचा राउटर १९२.१६८.१०.१ वर, त्यातलं डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटायची सोय) बंद केलेलं आहे (आजच पुन्हा उघडून बघितलं, बंदच आहे). पत्ते वाटायचं काम विंडोज सर्व्हर २०१९ करतो, त्याचा पत्ता १९२.१६८.१०.२. स्कोप (वाटायच्या पत्त्यांची मालिका) ५० ते १९९, लीज (मशीनला मिळालेला पत्ता वापरायची मुदत) ८ दिवसांची, मूळची होती तशीच. हिशेबाचा डेटाही याच सर्व्हरवर.

गेल्या आठवड्यापासून काही मशीनना १९२.१६८.०.१०० च्या पुढचे पत्ते येतात. ज्यांना हे पत्ते येतात त्यांचं नेट बंद, बिलिंग बंद, लेबल प्रिंटरही सापडत नाही. रिस्टार्ट केलं तर कधी बरोबर पत्ता येतो, कधी नाही. वीज जाऊन आली की हमखास जास्त मशीन बिघडतात. सगळे स्विच बंद करून चालू केले, एक दिवस बरं चाललं, पुन्हा तेच.

कुठेतरी दुसरा डीएचसीपी सर्व्हर आहे एवढं कळतंय. पण शोधायचा कसा? रात्री गाड्या भरायच्या असतात, सगळ्या केबल उपटून बसता येत नाही.

---

गिरणाकाठ · सोमवार, सकाळी १०:२५

पहिलं म्हणजे बंद-चालू करणं थांबवा. स्विच बंद पडून परत उठला की सगळी मशीन एकदमच पत्ता मागायला लागतात आणि त्या गर्दीत चुकीच्या सर्व्हरचंच फावतं.

कारण साधं आहे. मशीन पत्ता मागतं ते ब्रॉडकास्ट करून, म्हणजे त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. ही पहिली हाक 'डिस्कव्हर'. ऐकणारा प्रत्येक सर्व्हर 'ऑफर' पाठवतो. मशीन बहुतेक वेळा आधी पोचलेली ऑफर उचलतं, 'रिक्वेस्ट' पाठवतं आणि सर्व्हर 'अ‍ॅक' देऊन शिक्कामोर्तब करतो. सर्व्हर यूडीपी पोर्ट ६७ वर ऐकतो, मशीन ६८ वर. या सगळ्यात 'तू कोण, तुला पत्ते वाटायचा अधिकार कुणी दिला' असं कुणीच विचारत नाही. १९९७ सालच्या आरएफसी २१३१ पासून हे असंच आहे. प्रमाणीकरणाची जोड नंतर कागदावर आली, पण प्रत्यक्षात ती कुणी वापरताना दिसत नाही.

वीज आल्यावर जास्त मशीन का बिघडतात तेही यातच आलं. हजार-दीड हजाराचा वाय-फाय राउटर मिनिटभरात उभा राहतो. विंडोज सर्व्हरला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात जो आधी उठला त्याने पत्ते वाटून टाकलेले असतात.

आता शोध. बिघडलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि चालवा: आयपीकॉन्फिग /ऑल (कमांड इथे नागरीत लिहिल्यात, टाइप इंग्रजीतच करायच्या). चार ओळी बघा: 'डीएचसीपी सर्व्हर', 'डिफॉल्ट गेटवे' (नेटकडे जायची वाट), 'डीएनएस सर्व्हर्स' (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारे) आणि 'लीज ऑब्टेन्ड'. पत्ता कुणी दिला हे पहिली ओळ सरळ सांगते. चौथी ओळ कधी दिला ते सांगते; ती वेळ वीज आल्याच्या वेळेशी जुळवून पाहा.

पत्त्याच्या मालिकेवरूनही बराच अंदाज येतो. १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ म्हणजे बहुधा बाजारातला साधा वाय-फाय राउटर, फॅक्टरी सेटिंगवर असलेला. १९२.१६८.२९.१ दिसला तर जिओफायबरचा डबा. १९२.१६८.८८.१ म्हणजे मायक्रोटिक. १९२.१६८.१३७.१ आला तर कुणीतरी विंडोजवर इंटरनेट शेअरिंग किंवा मोबाइल हॉटस्पॉट चालू केलाय, डबा शोधत बसू नका, संगणक शोधा. १९२.१६८.५६ ची मालिका व्हर्च्युअलबॉक्सची असते. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कुणीच दिलेला नसतो. उत्तर न मिळाल्यामुळे मशीनने तो स्वतःच घेतलेला असतो. तो दिसला तर प्रश्न 'जास्तीचा सर्व्हर' हा नसून 'एकही सर्व्हर ऐकू येत नाही' हा आहे. दोन्हींचा इलाज वेगळा.

पण आयपीकॉन्फिग फक्त जिंकलेला सर्व्हर दाखवतं. ऑफर कुणाकुणाच्या आल्या हे बघायला वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लागेल:

केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर वायरशार्क टाका, लॅनचा अ‍ॅडॉप्टर निवडून कॅप्चर सुरू करा, वर फिल्टरच्या जागी 'डीएचसीपी' लिहा (आवृत्ती ३ च्या आधीची असेल तर 'बूटपी'). मग त्याच लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू. आधी रिलीज करणं सोडू नका. नुसतं रिन्यू केलं तर मशीन जुन्याच सर्व्हरला थेट विचारतं, सगळ्यांना हाक जातच नाही, आणि तुम्हाला वाटतं सर्व्हर एकच आहे.

दुसरी गफलत: शेजारच्या मशीनसाठी आलेली ऑफर तुमच्या लॅपटॉपवर दिसेलच असं नाही. डिस्कव्हर ब्रॉडकास्ट असतो, ऑफर मात्र बऱ्याचदा मागणाऱ्यालाच थेट जाते. म्हणून ज्या मशीनवर वायरशार्क, त्याच मशीनवर रिलीज-रिन्यू.

प्रत्येक ऑफर उघडून पर्याय ५४ बघा, तो सर्व्हरचा पत्ता. पर्याय ३ गेटवे, ६ डीएनएस, ५१ लीजचा काळ सेकंदांत. आणि वर इथरनेटच्या ओळीत पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक. तो लिहून ठेवा, पुढे कामाला तोच येणार. तीन-चार वेळा करून बघा, शक्य असल्यास दोन वेगळ्या लॅपटॉपवर.

---

जंक्शन_५ · सोमवार, सकाळी १०:५०

एवढं कशाला करता? सगळ्या मशीनना स्टॅटिक आयपी (हाताने टाकलेला कायमचा पत्ता) टाका, विषय संपला. भुसावळला दोन ठिकाणी असंच चालू आहे, कटकट नाही.

---

पांझराकाठ · सोमवार, सकाळी ११:३०

जंक्शन भाऊ, चाळीस मशीनना स्टॅटिक टाकाल, पण कामगारांच्या आणि गाडीवाल्यांच्या मोबाइलचं काय? ते त्या भलत्या डब्याकडूनच पत्ते घेत राहतील. शिवाय स्टॅटिक पत्ते स्कोपच्या ५० ते १९९ मध्ये पडले तर सर्व्हर तेच पत्ते दुसऱ्याला देणार आणि मग पत्ते एकमेकांवर आदळणार. सर्व्हरच्या यादीत 'बॅड अ‍ॅड्रेस' नावाच्या नोंदी वाढत गेलेल्या दिसतात ना, त्याचं एक मोठं कारण हेच. मशीनला मिळालेला पत्ता आधीच कुणी वापरतंय असं कळलं की ते सर्व्हरला 'डिक्लाइन' पाठवतं आणि सर्व्हर तो पत्ता बाजूला टाकतो.

प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, काटा यांना स्टॅटिक ठीक. तेही १ ते ४९ मध्येच. बाकीच्यांना नको.

सावदेकर, गिरणाकाठ ताईंनी सांगितलंय ते करा आणि मॅक पत्ता इथे टाका. पूर्ण नको, शेवटचे आकडे पुरेत.

---

सावदा_पॅकहाऊस · सोमवार, दुपारी १:१५

केलं. ताई, दोन लॅपटॉपवर केलं ते बरंच झालं, कारण निकाल वेगवेगळा आलाय.

ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक वेळी दोन ऑफर दिसतात. एक १९२.१६८.१०.२ ची, म्हणजे आपल्या सर्व्हरची. दुसरी १९२.१६८.०.१ ची. त्यात गेटवे आणि डीएनएस दोन्ही तोच पत्ता, पर्याय ५१ मध्ये ७२००, म्हणजे दोन तास. मॅकच्या शेवटी ४७:१९.

माझा स्वतःचा लॅपटॉप या नेटवर्कला पहिल्यांदाच लावला. त्यावर चारही वेळा एकच ऑफर, तीही चुकीच्या डब्याची. आपला सर्व्हर गप्प. हे काय गौडबंगाल?

---

पांझराकाठ · सोमवार, दुपारी १:४०

सर्व्हर सापडला, आते काय करानं? :) आता तो कोणत्या केबलच्या टोकाला आहे ते बघायचं. गप्प बसणाऱ्या सर्व्हरचं नंतर बघू, ताई सांगतीलच.

लॅपटॉपला मॅनेज्ड स्विचच्या जवळ बसवा. त्याला स्टॅटिक १९२.१६८.१०.४५ द्या आणि आयपीव्ही४ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जाऊन दुसरा पत्ता १९२.१६८.०.२०० जोडा, मास्क दोन्हीला २५५.२५५.२५५.०. एकाच केबलवर दोन्ही मालिका बोलता येतात. मग पिंग -टी १९२.१६८.०.१ सुरू करून खिडकी तशीच उघडी ठेवा. दुसऱ्या खिडकीत एआरपी -ए. तिथे १९२.१६८.०.१ समोर ४७:१९ वालाच मॅक दिसायला हवा. पिंगला उत्तर नाही आलं तरी घाबरू नका, काही डबे पिंग गिळतात. एआरपीमध्ये नोंद आली म्हणजे तो हजर आहे.

आता ब्राउझरमधून मॅनेज्ड स्विच उघडा, मॅक अ‍ॅड्रेस टेबल शोधा, त्यात ४७:१९. समोर पोर्टचा नंबर असेल. पिंग चालू ठेवायला एवढ्यासाठीच सांगितलं: टेबलातली नोंद साधारण ३०० सेकंद शांतता असली की पुसली जाते.

पोर्ट जर शेडच्या किंवा चेंबरच्या केबलचा निघाला तर पुढे साधा स्विच, त्याला विचारून काही कळणार नाही. तिथे जा, पिंगची खिडकी कुणाला तरी फोनवर वाचायला सांगा आणि एकेक केबल पाच सेकंदांसाठी काढून परत लावा. ज्या केबलला पिंग थांबेल ती. पाच सेकंदांत लेबल छपाईचं काही बिघडत नाही. (पिंगला उत्तरच येत नसेल तर हेच काम केबल काढून, एआरपी -डी ने नोंद पुसून, पुन्हा बघत करावं लागेल. वेळखाऊ आहे, पण होतं.)

एक सोपी वाटही आहे. मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनालायझर टाका. राउटरच्या वाय-फायचा मॅक आणि लॅनचा मॅक बहुतेक डब्यांत एकमेकांना लागून असतात, शेवटच्या जोडीत एक-दोनचा फरक. ४७:१८ किंवा ४७:१ए (मॅकमध्ये ९ नंतर ए येतो) असा कुणी दिसला तर सिग्नल वाढेल तसं चालत जा. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल उलटसुलट उसळतो, त्यामुळे शेवटच्या दहा-पंधरा फुटांत त्याच्यावर भरवसा ठेवू नका, केबलच धरा.

मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला मॅक नाही. मग तो कुणाच्या तरी मोबाइलचा किंवा व्हर्च्युअल मशीनचा असू शकतो, आणि भिंतीवर डबा शोधून उपयोग नाही.

---

सावदा_पॅकहाऊस · सोमवार, सायंकाळी ५:०५

सापडला! मॅक टेबलात पोर्ट ५, म्हणजे पॅकिंग शेड. तिथे तिसरी केबल काढली आणि पिंग थांबलं. केबल वर छताच्या कैचीपर्यंत गेलेली, तिथे लोखंडी पट्टीवर वाय-फाय राउटर. शेडमध्ये मोबाइलला रेंज यावी म्हणून कधीतरी लावलेला. केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, डब्ल्यूएएन पोर्ट (इंटरनेटची केबल लावायचा) रिकामा. वाय-फायचं नाव कंपनीचं मूळचंच दिसतंय, म्हणजे कुणीतरी रिसेट मारलाय.

तूर्त केबल काढून ठेवलीय. पण शेडमध्ये वाय-फाय लागतंच. तीच केबल डब्ल्यूएएन पोर्टमध्ये टाकली तर चालेल का?

---

पांझराकाठ · सोमवार, सायंकाळी ५:३०

डब्ल्यूएएन मध्ये टाकली तर पत्ते वाटायचा त्रास ऑफिसपुरता मिटेल, कारण डीएचसीपीची ऑफर त्या बाजूने बाहेर येणार नाही. पण राउटरच्या मागे वेगळंच बेट तयार होईल. त्यावरचे मोबाइल नेट वापरतील, पण त्याच्या मागे लेबल प्रिंटर किंवा स्कॅनर गेला तर ऑफिसातून तो दिसणार नाही. तेव्हा डबा फक्त वाय-फाय देणारा, पत्ते न वाटणारा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट करा.

तो नेटवर्कपासून तोडलेलाच ठेवा. लॅपटॉप केबलने थेट त्याला जोडा, लॅपटॉपला १९२.१६८.०.५० द्या, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१. 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तोच निवडा. नसेल तर आधी डीएचसीपी बंद, सेव्ह. मग लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.५, सेव्ह. पत्ता बदलला की पान हरवतं, ते बरोबरच आहे; लॅपटॉपलाही १९२.१६८.१०.४५ देऊन परत आत शिरा आणि डीएचसीपी बंदच राहिलंय ना ते डोळ्यांनी बघा. काही डबे पत्ता बदलताना स्वतःच नवी रेंज भरून डीएचसीपी पुन्हा चालू करतात. मग पासवर्ड बदला, केबल लॅन पोर्टमध्ये, डब्ल्यूएएन रिकामा, त्याच्यावर टेप.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड ऑफिसच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचाच ठेवा. कारण ताईंच्या उत्तरात येईल असं वाटतंय.

रिसेटचं छिद्रही टेपने झाका. नेट चाललं नाही की टाचणी घेऊन रिसेट मारणारा माणूस प्रत्येक शेडमध्ये एक असतोच.

---

गिरणाकाठ · सोमवार, रात्री ८:१०

आता गप्प सर्व्हरचं. माझ्या मते तुमचा खरा जुना रोग तोच आहे, राउटरमुळे फक्त तो झाकला गेला.

जुन्या लॅपटॉपला सर्व्हरने ऑफर दिली, नव्याला दिली नाही. जुन्याच्या नावावर आधीची लीज आहे, म्हणून त्याचा पत्ता त्याच्यासाठी राखलेला आहे. नव्यासाठी पत्ता शिल्लकच नसणार. स्कोप भरला की विंडोज सर्व्हर नकार कळवत नाही, नुसता बोलत नाही. मग नव्या मशीनपुढे एकच ऑफर उरते, शेडमधल्या डब्याची.

खात्री करायला डीएचसीपी कन्सोलमध्ये स्कोपवर राइट क्लिक, 'डिस्प्ले स्टॅटिस्टिक्स'. वापर ९५-१०० टक्के दिसला तर झालं. शिवाय सर्व्हरवर विंडोज, सिस्टम३२, डीएचसीपी या फोल्डरात वाराच्या नावाच्या लॉग फाइल असतात. त्यात ओळीच्या सुरुवातीचा आकडा बघा. १० म्हणजे नवी लीज, ११ नूतनीकरण, १३ म्हणजे तो पत्ता आधीच कुणी वापरतंय, १४ म्हणजे पत्ते संपल्यामुळे मागणी पुरी करता आली नाही. तुमच्याकडे १४ ची रांग लागलेली असेल.

कशाने भरतो? हिशेब करा. स्कोपमध्ये १५० पत्ते. ठरलेली मशीन आणि रोजच्या माणसांचे मोबाइल मिळून साठ धरा. उरले ९०. रोज पंधरा नवे मोबाइल, म्हणजे गाडीवाले, व्यापाऱ्यांची माणसं, वाय-फायला जोडले गेले तर सहा दिवसांत ९० खलास, आणि लीज तर ८ दिवसांची. माणूस अर्ध्या तासात गाडी घेऊन दिल्लीच्या रस्त्याला लागतो, त्याचा पत्ता आठवडाभर अडकून पडतो. त्यात अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा मॅक बनवतात. ऑफिसचं नाव वेगळं आणि शेडचं वेगळं ठेवलंत, तर एक फोन दोन पत्ते खाईल. पांझरा भाऊंनी नाव एकच ठेवायला सांगितलं ते म्हणूनच.

इलाज: स्कोपच्या प्रॉपर्टीजमध्ये लीज ८ दिवसांवरून १ दिवसावर आणा. पण नवी मुदत नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या लीजलाच लागू होते. जुन्या लीज आपल्या तारखेपर्यंत तशाच राहतात. जागा लगेच हवी तर यादीतल्या मोबाइलच्या लीज हाताने काढा. इथे एक धोका: लीज सर्व्हरवरून काढली तरी मोबाइलला ते कळत नाही, तो तोच पत्ता वापरत राहतो. म्हणून काढण्याआधी आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीज, 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन अटेम्प्ट्स' १ करा. मग सर्व्हर पत्ता देण्याआधी पिंग करून बघतो. चार-पाच दिवसांनी ते पुन्हा ० करा, कारण त्या पिंगमुळे प्रत्येक ऑफरला उशीर होतो, आणि उशीर करणारा सर्व्हर शर्यत हरतो हे तुम्ही आठवडाभर बघितलंच.

स्कोप १९९ वरून २३९ पर्यंत वाढवण्याचा मोह होईल. वाढवा, पण त्याने जेमतेम अडीच-तीन दिवस मिळतील. पाहुण्यांसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क), वेगळा स्कोप आणि २-४ तासांची लीज हेच खरं काम. अ‍ॅक्सेस पॉइंट व्हीलॅन पाळत असतील तर ते करा. तेव्हा एक लक्षात ठेवा, डीएचसीपीची हाक व्हीलॅन ओलांडत नाही. दोन व्हीलॅनच्या मधल्या राउटरवर रिले लावून त्यात सर्व्हरचा पत्ता द्यावा लागतो, नाहीतर पाहुण्यांना १६९.२५४ शिवाय काही मिळणार नाही.

---

जंक्शन_५ · सोमवार, रात्री ८:४५

ताई, मानलं. पण उद्या कुणी तिसरा डबा आणून लावला तर? विंडोज सर्व्हर डोमेनमध्ये ऑथराइज केला की बाहेरचे डीएचसीपी चालत नाहीत असं ऐकलंय.

---

पांझराकाठ · सोमवार, रात्री ९:२०

ते फक्त विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरपुरतं, जंक्शन भाऊ. डोमेनमधला विंडोज सर्व्हर आपण यादीत आहोत का ते तपासतो, नसला तर स्वतःहून गप्प बसतो. बाजारातला वाय-फाय राउटर कुणाची यादी तपासायला जात नाही.

त्याला आवर घालणारी गोष्ट म्हणजे स्विचमधलं डीएचसीपी स्नूपिंग. मॅनेज्ड स्विच आहेच, तर वापरा. सर्व्हर ज्या पोर्टवर आहे तो 'ट्रस्टेड', बाकी सगळे 'अनट्रस्टेड'. अनट्रस्टेड पोर्टवरून आलेली ऑफर किंवा अ‍ॅक स्विच तिथेच टाकून देतो. मशीनच्या मागण्या मात्र जाऊ देतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व्हरचा पोर्ट ट्रस्टेड करा, सेव्ह करा, मग व्हीलॅनवर स्नूपिंग चालू. उलटं केलं किंवा पोर्टच चुकला तर खरा सर्व्हरच अडतो. आणि वाईट म्हणजे ते लगेच कळत नाही! मशीन लीजच्या निम्म्या काळात नूतनीकरण मागतं, नाही जमलं तर ८७.५ टक्क्यांवर सगळ्यांना विचारतं, तेही फसलं तर मुदत संपल्यावर पत्ता सोडतं. ८ दिवसांच्या लीजला हे चौथ्या, सातव्या आणि आठव्या दिवशी येतं. सोमवारी केलेली चूक पुढच्या सोमवारी बाहेर पडते आणि तोवर आपण काय हात लावला होता तेच आठवत नाही. म्हणून स्नूपिंग चालू केल्या केल्या शेड, चेंबर आणि ऑफिस, तिन्हीकडे एकेका मशीनवर रिलीज-रिन्यू करून बघा.

सावदेकरांच्या मांडणीत एक मर्यादा राहतेच. स्नूपिंग मॅनेज्ड स्विचच्या पोर्टवर चालतं. शेडच्या ८ पोर्टच्या साध्या स्विचला नवा डबा लागला तर तो त्याच स्विचवरच्या मशीनना बिघडवणारच, ती पाकिटं ऑफिसपर्यंत येतच नाहीत. बिघाड शेडपुरता राहील, एवढाच फायदा. पण रात्री दोन वाजता फोन आला तर कुठे जायचं ते तरी माहीत असेल.

काही स्विचवर स्नूपिंगसोबत दर सेकंदाला किती पाकिटं चालतील याची मर्यादा असते. शेडच्या पोर्टला ती कमी ठेवू नका. वीज आली की तिथली सगळी मशीन आणि मोबाइल एकदम मागणी करतात, मर्यादा ओलांडली की स्विच पोर्टच बंद करतो.

ज्यांच्याकडे मायक्रोटिक आहे त्यांनी 'डीएचसीपी सर्व्हर' च्या आत 'अलर्ट' चा टॅब बघा. खऱ्या सर्व्हरचा मॅक तिथे भरला की दुसरा कुणी उत्तर देताना आढळल्यावर लॉगमध्ये नोंद पडते. तो अडवत नाही, फक्त चुगली करतो. पण फुकट आहे.

---

सावदा_पॅकहाऊस · बुधवार, सकाळी ११:००

ताई, स्कोप १०० टक्केच भरलेला होता आणि लॉगमध्ये १४ च १४. लीज १ दिवस केली, ७० च्या वर जुने मोबाइल काढले, राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट केला, स्नूपिंगही चालू. दोन दिवस एकही चुकीचा पत्ता नाही.

एक नवीनच उपटलंय. काल वीज जाऊन आल्यावर वजनकाट्याचं मशीन १६९.२५४ वर जाऊन बसलं, सात-आठ मिनिटांनी आपोआप बरं झालं. तोवर काट्यावर तीन गाड्या उभ्या. आधी असं होत नव्हतं.

---

गिरणाकाठ · बुधवार, सकाळी ११:३५

आधी होत नव्हतं, कारण आधी त्याला तो शेडमधला डबा लगेच चुकीचा का होईना पत्ता देत होता. आता द्यायला सर्व्हरशिवाय कुणी नाही, आणि सर्व्हर उठायला पाच मिनिटं घेतो. काट्याचं मशीन आधी उठतं, मागतं, उत्तर नाही. जुनी लीज शिल्लक असली तर विंडोज गेटवेला पिंग करून बघतं, गेटवे हजर असेल तर जुनाच पत्ता चालवतं. पण तुमचा राउटरही तेव्हा उठतच असतो, म्हणून ते १६९.२५४ घेतं. त्यानंतर ते दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारतं. तुमची सात-आठ मिनिटं अशी होतात.

मॅनेज्ड स्विचवर काट्याच्या पोर्टला स्पॅनिंग ट्री (लूप टाळायची सोय) साध्या पद्धतीने चालू असेल तर केबल जिवंत झाल्यावर पहिली ३० सेकंदं तो पोर्ट काहीच पुढे जाऊ देत नाही, त्यातही पहिल्या मागण्या वाया जातात. त्या पोर्टला 'एज पोर्ट' किंवा 'पोर्टफास्ट' करा. शेडच्या आणि चेंबरच्या पोर्टला मात्र करू नका, तिथे कुणी स्विचचीच केबल स्विचमध्ये फिरवून लावली तर लूप होईल.

---

पांझराकाठ · बुधवार, दुपारी १२:१०

काट्याला मी डीएचसीपीवर ठेवणारच नाही. स्टॅटिक द्या, १९२.१६८.१०.२०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १०.१, डीएनएस राउटरचा किंवा सर्व्हरचा, जो बाकीच्या मशीनना मिळतो तोच. २० हा आकडा स्कोपच्या बाहेर आहे, त्यामुळे सर्व्हरला काही सांगावं लागत नाही. रिझर्व्हेशन (सर्व्हरवर त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवणं) करून भागणार नाही, कारण रिझर्व्हेशन देणाराही तोच झोपलेला सर्व्हर.

फक्त बिलाचा डेटा सर्व्हरवर असेल तर पत्ता असूनही सर्व्हर उठेपर्यंत पावती निघणार नाही. ते थांबवायचं तर सर्व्हर, राउटर आणि मॅनेज्ड स्विच तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. आता नुसता सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच थेट लाइनवर असं असेल, तर सर्व्हर जिवंत असूनही कुणाला ऐकू येत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या पत्र्याखाली ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात गेला की त्या लवकर संपतात. ऑफिसात पंख्याखाली ठेवा.

आणि काट्याचा तो २० नंबर काट्याच्या केबिनमध्ये मॉनिटरच्या मागे लिहून चिकटवा.